कुठला हिरवा?

नाना मिरजकर माझ्याशी बोलताना माझ्या डाव्या कानाकडे बघायचे.

सुरुवातीला मला वाटलं, कुडीची फिरकी सैल झाली असेल आणि सभ्य माणूस आहे म्हणून बोलून दाखवत नसेल. चाचपून बघितली, घट्ट होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी कानाला स्कार्फ गुंडाळून गेले, थंडी होतीच, तर ते माझ्या खांद्यावरून मागच्या घेवड्याच्या मांडवाकडे बघत म्हणाले, "ताई, आज मेथीला पाणी नको हं. ओल आहे अजून." मी मागे वळून बघितलं. मांडवात कुणी नव्हतं.

पाच नंबरच्या वाफ्यावरच्या कुंदाताई तर तोंडाने फटकळच. मला म्हणाल्या, "अहो सुमनताई, हे गृहस्थ माझ्याशी बोलतात की माझ्या मागे उभ्या असलेल्या कुणा देखण्या बाईशी?"

मी म्हटलं, "तुमच्या मागे कंपोस्टचा खड्डा आहे."

"मग हरकत नाही," म्हणाल्या.

आम्ही हसलो आणि विषय सोडून दिला. त्या तिरक्या बघण्याचा अर्थ कळायला मला दोन-तीन वर्षं जावी लागली, आणि कळला तेव्हा त्या हसण्याची लाज वाटली. ते सांगतेच. पण आधी जागा सांगते, म्हणजे माणूस नीट दिसेल.

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या मागे जमिनीचा एक लांबट तुकडा आहे. बिल्डरने कागदावर तिथे बाग दाखवली होती. प्रत्यक्षात दिली ती सिमेंटची फुटकी पोती आणि रानएरंडाचं जंगल. कितीतरी वर्षं ते तसंच पडून होतं. मग आम्ही काही रिकाम्या लोकांनी ते साफ करून अठरा वाफे पाडले. एका घराला एक. चिठ्ठ्या टाकून नंबर ठरले. माझा आठ, नानांचा सात, मधे एक पाऊल मावेल एवढी वाट. ज्यांना वाफा मिळाला नाही त्यांची यादी आमचे सेक्रेटरी ओक यांच्या वहीत. कुणी सोडला की यादीतल्या पुढच्याला. ओक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. बोलणं मोजून, आणि हसणं तर त्यांचं मी तोवर बघितलंच नव्हतं.

सकाळी साडेसहाला तिथे गेलं की शहर अजून लांब असतं. रस्त्यावर रिक्षा सुरू झालेल्या असतात, पण त्यांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. थंडीत टेकडीकडून धुकं उतरतं आणि अठराही वाफे त्यात होड्यांसारखे तरंगायला लागतात. कोथिंबिरीचा वास आधी येतो, कोथिंबीर मागाहून दिसते. मला आजही नाना आठवतात ते त्या धुक्यातले. पांढरा लेंगा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि गळ्यात शिंप्याची टेप.

हो, टेप. वांग्याच्या दोन रोपांत दोन फूट, कोबीच्या दोन रोपांत दीड, असं ते टेप लावून मोजायचे. लक्ष्मी रोडला एका मॅचिंग सेंटरमध्ये त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. साडी घेऊन जायची आणि तिच्यावर बरोब्बर जाणारा ब्लाऊजपीस घेऊन यायचं, ते दुकान. दुकान त्यांचं नव्हतं, पण गिऱ्हाईक त्यांचं होतं. मालक गल्ल्यावर बसलेले असले तरी बायका आत शिरताना विचारायच्या, "नाना आहेत का?" आणि नसले तर जिना उतरून परत जायच्या.

नुसता हिरवा असा रंग त्यांच्या जगात नव्हता. तुम्ही 'हिरवा' म्हणालात की ते म्हणणार, "कुठला हिरवा?" पोपटी, शेवाळी, मेंदी, पिस्ता, मोरपिशी, बाटली. वाफ्यातही तेच. एकदा मी म्हटलं, "नाना, माझ्या मिरचीची पानं पिवळी पडलीत हो."

"कुठला पिवळा? लिंबू की हळदी?"

"आता पिवळं ते पिवळं. त्यात काय?"

"असं कसं? सगळं पानच लिंबू झालं असेल तर पाणी जास्त होतंय. खालची दोनच पानं हळदी असतील तर ती म्हातारी झालीत, झडू द्या."

मी वाकून बघितलं. खालची दोनच होती, आणि हळदी होती. मी पुरंदरकडच्या शेतकऱ्याची लेक, मातीत वाढलेली, आणि मला पिवळ्यातला फरक शिकवला तो लक्ष्मी रोडच्या माणसाने.

त्यांना एका शब्दाचा राग होता. "चालून जाईल." हा शब्द त्यांच्या दुकानात नव्हता, म्हणायचे. कुणी बाई घाईची येई, उद्या लग्न आहे, जवळपासचा कुठलाही द्या, चालून जाईल. नाना कापडाचा ताका गुंडाळून ठेवायचे. "बाई, समोरच्या दुकानात जा. तिथे चालून जातं." मालक कपाळाला हात लावायचे. पण त्या बाया पुढच्या वेळी नानांकडेच यायच्या.

आणि दुसरं म्हणजे, ते दुकानातल्या दिव्याखाली कधी रंग दाखवायचे नाहीत. साडी आणि पीस दोन्ही घेऊन थेट दारात, उन्हात. तिथेही बाईला विचारायचे नाहीत, तिच्याबरोबर जी आली असेल, नणंद, मैत्रीण, शेजारीण, तिला विचारायचे. "ज्याची साडी असते ना ताई, त्याची नजर उतावीळ असते. मॅचिंग नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्यावरच सगळं आहे.

तर आता आमच्या बागेच्या चौथ्या नियमाची गोष्ट. पहिल्याच वर्षी अकरा नंबरच्या गृहस्थांनी वाफ्याला पाणी घालायला आपल्या ड्रायव्हरला पाठवलं. तो बिचारा गाडी धुतात तसा पाइप धरून उभा राहिला. पालकाचा चिखल झाला, आणि चिखल वाहत आला तो नानांच्या नुकत्याच उगवलेल्या मेथीवर. नाना सहसा चिडायचे नाहीत, त्या दिवशी चिडले. मीटिंगमध्ये उभं राहून म्हणाले, "ही काय नोकरांकडून करून घ्यायची हौस आहे का? वाफा ज्याचा त्याने करायचा. बाहेरचा हात लागता कामा नये. ज्याला स्वतःला जमत नाही त्याने सोडावा, यादीतले लोक थांबलेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. ओकांनी ते पत्र्याच्या पाटीवर पांढऱ्या रंगाने लिहून फाटकाशी लावलं. नियम चौथा. शब्द नानांचे, अक्षर ओकांचं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, मार्गशीर्षातली गोष्ट. दिवाळीनंतर नानांनी गाजर पेरलं होतं. टेप ठेवून, बोटाने रेघ ओढून, चिमटी-चिमटीने. रोज पाणी, रोज खुरपणं. मी त्या दिवशी माझी मेथी काढून उठले, कमरेला हात लावून सहज त्यांच्या वाफ्यात बघितलं आणि बघतच राहिले.

दोन सुरेख, सरळ ओळी. ओळीबाहेरचं तण निवडून निवडून उपटलेलं. आणि ओळीत जे जपलं होतं, विरळून, माती लावून, न्हाऊ-माखू घालून, ते सगळं गाजरगवत होतं. पडक्या जागेत, रस्त्याच्या कडेला माजतं आणि ज्याने अंगाला खाज सुटते, ते. पान गाजरासारखंच कातरलेलं असतं म्हणून नाव तसं. बी जुनं असावं, गाजर उगवलंच नव्हतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर आमसुली आणि वांगी या रंगांतला धाग्याएवढा फरक सांगितला, त्याला हे कळू नये?

"नाना, हे काय लावलंय?"

"गाजर," ते माझ्या कानाला म्हणाले. "ओळ कशी आलीय बघा."

"नाना, हे गाजरगवत आहे."

ते खाली बसले. एक पान तोडून त्यांनी अंगठा आणि बोट यांत चोळलं, कापड बघतात तसं. मग नाकाशी नेलं.

"खरखरीत लागत होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, जात वेगळी असेल."

धुकं होतं. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मी पाऊलवाट ओलांडून त्यांच्या शेजारी उकिडवी बसले.

"कधीपासून?"

"दुकान सोडलं ते त्यापायीच. शेवटच्या वर्षी एका बाईंना आमसुलीच्या जागी वांगी दिला. त्या परत भांडायला आल्या नाहीत. आल्या असत्या तर बरं वाटलं असतं." मग म्हणाले, "समोर बघितलं की मधोमध धूर दिसतो. तुमचा चेहरा म्हणजे धूर, ताई. कानाकडे बघितलं की कडेकडेने थोड्या तुम्ही येता."

माझा हात आपोआप कानाकडे गेला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याचा पडदा झिजतोय, त्यातला कोरडा प्रकार आहे, याला इंजेक्शनही नाही. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील. घरी मुलाला, सुनेला माहीत होतं. "सून चांगली आहे हो," नाना म्हणाले. "खिडकीपाशी खुर्ची मांडून दिलीय. मऊ आहे. रेडिओ ठेवलाय शेजारी. म्हणते, बाबा, कशाला जिने उतरता, पडाल. मी म्हणतो, वाफा आहे ना. वाफा आहे तोवर तिला बोलता येत नाही. तो गेला की मी खुर्चीत. आणि एकदा त्या खुर्चीत बसलो ना ताई, की उठणार नाही मी. मला माहितीय." मग पाटीच्या दिशेने मान केली. "नियम माझाच आहे. ओकांना सांगू नका."

"नाही सांगणार."

ओक रोज सात वाजता एक फेरी मारतात. त्याआधी आम्ही दोघांनी ते गवत उपटून माझ्या पिशवीत कोंबलं. वर मेथीची जुडी ठेवली. ओक आलेच.

"मिरजकर, गाजरं?"

"उगवली नाहीत."

"बी?"

"जुनं होतं."

"हं," ओक म्हणाले. माझ्या पिशवीतून बाहेर आलेल्या एका कातरलेल्या पानाकडे त्यांनी बघितलं, मेथीच्या जुडीकडे बघितलं, आणि पुढच्या वाफ्याकडे गेले.

संक्रांतीनंतरच्या मीटिंगमध्ये नाना उभे राहिले. म्हणाले, "माझी एक सूचना आहे. आपल्या वाफ्यातलं आपण तोडायचं नाही. शेजाऱ्याने तोडायचं."

"कारण?" ओक.

"आपल्या मालाला आपली नजर उतावीळ असते. सगळे टोमॅटो कच्चे तोडून नेतात आणि घरी डब्यात पिकवतात. वांगी अंगठ्याएवढी असताना खुडतात. दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलं तर झाडावर पिकेल. मॅचिंग आम्ही असंच करायचो."

कुंदाताई म्हणाल्या, "म्हणजे माझे टोमॅटो शेजारच्या ओकांनी ठरवायचे? मग मी पुढच्या वर्षीच खाईन ते."

"आणि माझे मुळे तुम्ही उपटायचे," ओक म्हणाले. "माझ्यावर संकट मोठं आहे." मग वहीत लिहीत म्हणाले, "प्रयोग म्हणून. तीन महिने."

कारण खोटं नव्हतं, म्हणूनच ते टिकलं. त्यामागचं दुसरं कारण फक्त मला माहीत होतं. सात नंबरच्या वाफ्यातलं पिकलेलं-न पिकलेलं आता मी बघायचं होतं, आणि त्यात लपवाछपवीसारखं काही राहिलं नव्हतं. सगळेच तसं करत होते. तीन महिन्यांनी कुणालाच तो ठराव मोडायचा नव्हता. झाडावर लाल झालेला टोमॅटो कसा लागतो हे आमच्यातल्या अर्ध्या लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं नुसती मान हलवणारी माणसं "तुमची भेंडी आज काढू का?" म्हणून दारावरची बेल वाजवायला लागली.

आणि माझी भेंडी नाना तोडायचे. डोळ्यांनी नाही, बोटांनी. टोकाला अंगठा लावून जरा वाकवायचे. कट्‌ आवाज झाला की कोवळी, नुसती वाकली की जून. गवारीच्या शेंगा तर न बघता, आभाळाकडे तोंड करून. माझं सबंध आयुष्य भाजी निवडण्यात गेलंय, पण त्यांच्या परडीत कधी एक जून शेंग आली नाही.

त्या वर्षातली प्रत्येक सकाळ मला एकाच लांब स्वप्नासारखी आठवते, मधे मधे ऋतू बदलणारी. नाना वाफ्याच्या कडेला बसलेले, हात पानांत, आणि म्हणायचे, "सांगा."

मी सांगायचे. उन्हाळ्यात कोवळ्या भेंडीचं फूल: "पिवळं, पोटात लाल." "कुठला पिवळा?" "लोण्यासारखा." "मोतिया म्हणतात त्याला. आणि लाल?" "किरमिजी?" "बघा, जमतंय." श्रावणात दोडक्याच्या वेलावर ऊन-सावली पळायची आणि एका मिनिटात पाच हिरवे बदलायचे, मी धावत्या भाषेत सांगत सुटायचे, पोपटी, आता शेवाळी, आता परत पोपटी, आणि ते डोळे मिटून ऐकायचे. अंबाडीचे देठ डाळिंबी. राजगिऱ्याचा तुरा राणी. नवरात्रात वांग्याचं पहिलं फूल आलं तेव्हा मी कितीतरी वेळ गप्पच होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "शोधतेय." अहो, सत्तर वर्षं मी वांग्याचं फूल बघत आलेय. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

हे सगळं गोड वाटतं, पण त्याच्याखाली एक खडा होता. दिवाळीपर्यंत मी त्यांचं नुसतं तोडतच नव्हते. कोबीवरचा मावा मीच पुसायचे, तण मीच काढायचे, रोपं मीच सरळ करायचे, ओक यायच्या आत. नानांना कळत होतं. ते आधी "राहू द्या हो" म्हणायचे, मग म्हणेनासे झाले. त्यांचा हात माझ्या हाताच्या मागून चालायला लागला. एकदा त्यांनी स्वतः लावलेली लसणाची ओळ साप गेल्यासारखी वाकडी आली. मी घाईत होते. तोंडातून गेलं, "असू दे हो नाना, चालून जाईल."

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. गळ्यातली टेप काढून, गुंडाळून खिशात घातली आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

मग भोगी आली. आमच्याकडे भोगीच्या सकाळी सगळ्या वाफ्यांतलं थोडं थोडं घेऊन तिथेच मोठ्या पातेल्यात भाजी करतात. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, वरून तिळाचं कूट. भाकऱ्या ज्याने त्याने घरून आणायच्या. धुकं आणि धूर एकत्र झालेला, बायका पावटे सोलत बसलेल्या, आणि ओकवहिनी पिशवी घेऊन आल्या. संक्रांतीची काळी साडी, डाळिंबी काठाची, आणि दोन ब्लाऊजपीस.

"नाना, बरे सापडलात. यातला कुठला जाईल सांगा. उद्या नेसायचीय, आज शिवून घेते."

नानांचं मॅचिंग सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सगळ्या बायका बघायला लागल्या. नानांनी साडी हातात घेतली. सवयीने मांडवाच्या सावलीतून बाहेर, एव्हाना पडलेल्या उन्हात गेले. काठावर एक पीस ठेवला, मग दुसरा. मान तिरकी केली. बोटांनी कापड चोळलं. मला दिसत होतं की दोन्ही पीस त्यांना एकच आहेत. कुठलाही एक उचलून "हा" म्हणाले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मी मनात म्हणत होते, डावा म्हणा, नाना, डावा.

त्यांनी दोन्ही पीस नीट घडी करून वहिनींच्या हातात दिले.

"वहिनी, मला दिसत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली, रंग दिसत नाहीत. त्याआधीपासून नीट दिसत नव्हतं. सात नंबरचा वाफा सुमनताई करतात, मी नुसता बसतो. ओक, नियम चार माझाच आहे. वाफा परत घ्या. यादीत पुढे कोण आहे?"

पातेल्यात भाजी खदखदत होती. कुंदाताईंचे पावटे हातातच राहिले.

ओकांनी काखेतली वही काढली. चष्मा लावला. पानं उलटली. आम्हाला वाटलं, यादी काढतात.

"मिरजकर," ते म्हणाले, "तोडणीचा ठराव तुमचाच ना? गेल्या संक्रांतीनंतरचा?"

"हो."

"तो मंजूर झाल्यापासून इथल्या प्रत्येक वाफ्याला दुसऱ्याचा हात लागलाय. माझ्या मुळ्यांना कुंदाताईंचा लागतो, तोही नको तितका. नियम चार लावायचा तर मला अठराच्या अठरा वाफे परत घ्यावे लागतील. एवढी लांब यादी माझ्याकडे नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नियम चार गेल्या वर्षीच संपला. पाटीवरून पुसायचा राहिला, तो माझा हलगर्जीपणा. क्षमस्व." वही मिटली. "आणि तुम्ही माझ्या कानाशी बोलता, मिरजकर. माझी आई शेवटी शेवटी माझ्या खांद्याशी बोलायची. मला गाजरगवत ओळखता येतं."

नानांनी खिशातून रुमाल काढला, तो टेपमध्ये अडकला, मग दोन्ही एकदम बाहेर आलं. ते म्हणाले, "मग वहिनींच्या पिसाचं काय? ओक, तुम्ही बघा. उन्हात घेऊन जा."

"मी?" ओक म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "यांना काय कळतंय? माझ्या साड्यांचा रंग आजवर कधी बघितलाय का यांनी?"

"दुसऱ्याच्याच डोळ्यांनी बघायचं असतं, वहिनी."

ओक पीस घेऊन उन्हात गेले. हवालदाराने जाबजबाब वाचावा तसे एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. इतका वेळ की वहिनी लाजल्या. "डावा," ते शेवटी म्हणाले.

"का?"

"उजवा... जरा विझलेला आहे."

"वा!" नाना म्हणाले. "आमच्या दुकानात लगेच नोकरीला लागला असतात तुम्ही." आणि ओक हसले. बघा, तेव्हा बघितलं मी ते हसणं.

त्यानंतर नानांच्या वाफ्यात उघडपणे सुतळ्या आल्या. एक गाठ म्हणजे वांगी, दोन म्हणजे टोमॅटो, तीन म्हणजे लसूण. गाठी ओकांनी मारल्या, सरकारी फायलीच्या नाडीसारख्या घट्ट. नाना सुतळीला हात लावून ओळीत शिरायचे आणि आपलं तण आपण काढायचे, पानाच्या स्पर्शावरून, वासावरून. कधी चुकून रोपही उपटायचे. मी बघायचे आणि तोंड बंद ठेवायचे. तेही मला शिकावंच लागलं. टेप परत गळ्यात आली.

असे दोन-अडीच महिने मिळाले. चैत्र लागायच्या आधी एका पहाटे नाना झोपेतच गेले. सुनेने मला बोलावून घेतलं होतं. खिडकीपाशी ती खुर्ची होती, तिच्यावर जराही न दबलेली नवीकोरी गादी. सून म्हणाली, "बसलेच नाहीत हो कधी." वाफा यादीतल्या पुढच्या घराला गेला, पंधरा दिवसांत. ओकांनी स्वतः सुतळ्या सोडून, गाठी न मोडता गुंडाळून माझ्याकडे आणून दिल्या.

पण मला नाना आठवायचे म्हटलं की ते जायच्या आदल्या आठवड्यातला दिवस येतो. फाल्गुनातली सकाळ, धुकं आता नावाला, शेवरीचा कापूस कुठून कुठून तरंगत येणारा. टोमॅटोचा शेवटचा बहर. नाना दोन गाठींच्या सुतळीशी बसले होते, एक टोमॅटो तळहातावर घेऊन, न तोडता, पक्ष्याचं पिल्लू धरावं तसा.

"सांगा."

"खाली शेंदरी," मी म्हटलं. "वर देठाशी अजून पोपटी."

"आणि मधे?"

मी बघितलं. बराच वेळ बघितलं. "मधे नाव नसलेला आहे, नाना."

"तसा ताका आमच्याकडेही नव्हता," ते म्हणाले.

"तोडू का?"

"राहू दे. उद्या."

आणि मग ते माझ्याकडे वळले. कानाकडे नाही, मांडवाकडे नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणजे जिथे त्यांना नुसता धूर दिसायचा, बरोबर तिथे. आणि ओळख पटल्यासारखे हसले.